टॉर्कराव

टॉर्करावांकडे मोटरहोम नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांचं बोलणं ऐकून कुणालाही वाटावं की गृहस्थ ॲरिझोनाच्या वाळवंटात कायमचा मुक्काम ठोकून आहेत. प्रत्यक्षात ते न्यू जर्सीत राहतात, टोयोटा चालवतात आणि एक जुनी मोटरहोम ‘घेणार’ आहेत. पेट्रोलची की डिझेलची, एवढं ठरलं की झालं. ते ठरता ठरत नाही.

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात जा, एखादे टॉर्कराव भेटतातच. निवृत्त इंजिनिअर, मुलं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, गुडघे अजून शाबूत. यलोस्टोन आता स्वतःच्या न्हाणीघरासकट बघायचं, एवढीच इच्छा राहिलेली. गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत ते तुमच्या मागे उभे राहतात आणि मसालेभात पानात पडेपर्यंत तुम्हाला कमिन्सच्या ८.९ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क पाठ झालेला असतो. “बाराशे पाउंड-फूट! आणि फोर्डचा पेट्रोलवाला व्ही-टेन? साडेचारशेच्या आसपास.” हा दुसरा आकडा ते नापसंत स्थळाचा पगार सांगावा तशा सुरात सांगतात.

टॉर्कराव मनाने डिझेलवाले. बालपण उसाच्या फडाकडेला, किर्लोस्करच्या पंपाच्या ठोक्यावर गेलेलं. नंतरचा प्रवास एसटीने, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटची धग सोसत. त्यामुळे पेट्रोलच्या मोटरहोममध्ये पुढच्या दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचा उंचवटा दिसला की ते नाक मुरडतात. “चढाला लागली की इथून अशी बोंब मारते, शेजारच्या बायकोचं बोलणं ऐकू येत नाही.” हा दोष की सोय, यावर मंडळात दोन तट आहेत. डिझेलच्या मोठ्या गाडीत इंजिन मागे असतं, म्हणून तिला पुशर म्हणतात. गडगडाट झोपायच्या खोलीखाली राहतो आणि पुढे स्टिअरिंगवर शांतता.

त्यांचा हुकमी पत्ता म्हणजे कोलोरॅडोतला आयसेनहॉवर बोगदा. उंची ११,१५८ फूट. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. डिझेलला टर्बो असल्यामुळे विरळ हवेचं तिला फारसं सोयरसुतक नाही. उतरताना एक्झॉस्ट ब्रेकही साथीला. यातलं खोटं काहीच नाही. फक्त टॉर्कराव कोलोरॅडोला विमानाने जातात.

इथपर्यंत ऐकल्यावर आपल्याला वाटतं, मग घेऊन टाका की डिझेल! इथेच आपण फसतो. कारण टॉर्करावांचा निम्मा अभ्यास डिझेलच्या बाजूने आणि निम्मा तिच्या विरुद्ध आहे. “२०१० नंतरची नको, युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. २००७ नंतरचीही नको, काजळीची चाळणी आली, ती तुंबते. १९९९ ते २००२ मधली ५.९ लिटर कमिन्स असेल तर ब्लॉकवर ५३ आकडा आहे का बघायचं. असेल तर तडा जाण्याची भीती. कॅटरपिलर? त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांची इंजिनं बनवणंच सोडलं.” बरं, मग पेट्रोल घ्या. “पेट्रोल? सुरुवातीच्या व्ही-टेनचे स्पार्क प्लग आटे सोडून उडायचे, ठाऊक आहे?” अशी पत्रिका जुळवता जुळवता शेवटी २००३ ते २००६ मधली, एका हाताने वापरलेली, शेडमध्ये ठेवलेली, दुरुस्तीच्या सगळ्या पावत्या जपलेली डिझेल तेवढी शिल्लक राहते. तिचा मालक ती विकत नाही. तो शहाणा आहे.

त्यांच्या भाच्याने एकदा हिशोब मांडला. वर्षाला पाच हजार मैल. पेट्रोल गॅलनला आठ मैल, डिझेल दहा. बचत १२५ गॅलन. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलहून महाग, म्हणून त्यातलीही बरीचशी पंपावरच परत. ऑइल बदलायचं तर व्ही-टेनला सहा-साडेसहा लिटर, मोठ्या कमिन्सला पंचवीस लिटरच्या आसपास. “मामा, तुम्ही तर वर्षातून दोनदा जाणार,” भाचा म्हणाला. टॉर्करावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “पैशाचा प्रश्न नाही रे. इंजिन तीन लाख मैल चालतं!” वर्षाला पाच हजार धरले तर साठ वर्षं. मामा सदुसष्ट वर्षांचे आहेत.

टॉर्कराव खरे खुलतात ते गाडी बघायला गेल्यावर. पेनसिल्व्हेनियात कुणाच्या अंगणात २००१ ची पुशर उभी असते. विकणारे आजोबा कॉफीचा मग घेऊन दारात. टॉर्कराव थेट मागच्या खोलीत शिरतात आणि पलंग उचलतात. बऱ्याच पुशरमध्ये इंजिनाचं झाकण पलंगाखालीच असतं. तोंडात टॉर्च, अर्धं अंग खाली, ५३ चा शोध सुरू. तिथून दिसत नाही म्हणून मग गाडीखाली उताणे.

वहिनी तोवर स्वयंपाकघरात. त्या वरचं कपाट उघडतात, वास घेतात, छताच्या कोपऱ्यात अंगठा दाबतात. अंगठा आत जातो.

“अहो, इथे ओल आहे. लाकूड पार कुजलंय.”

“अगं थांब गं, आकडा दिसतोय!”

वहिनी खाली उतरतात. बिस्किटाच्या पुड्यापासून औषधाच्या पट्टीपर्यंत प्रत्येक तारीख वाचायची त्यांची सवय. टायरच्या कडेवर त्यांना शेवटचे चार अंक दिसतात, ३११४. म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, रबराला मात्र बारीक भेगा. “आणि हे टायर आपल्या नातवापेक्षा मोठे आहेत,” त्या गाडीखालच्या दोन पायांना सांगतात. पायांकडून उत्तर येतं, “त्रेपन्न नाहीये! घ्यायला हरकत नाही!”

तेव्हा वाचकहो, जुनी मोटरहोम घ्यायची असेल तर वहिनींना सोबत न्या, टॉर्करावांना दुसऱ्या फेरीला. जुन्या मोटरहोमचा घात बहुधा गळक्या छताने, वय झालेल्या टायरांनी आणि वर्षानुवर्षं जागेवर उभं राहण्याने होतो. आधी छतावर चढा, टायरांचे अंक वाचा, जनरेटर लोड टाकून चालवून पाहा, पावत्या मागा. एवढं जमलं की इंजिनाचा निकाल सोपा आहे. गाडी मोठी, मागे मोटार ओढायची, डोंगर वारंवार आणि मैल भरपूर, तर डिझेल. वर्षाला दोन सहली आणि खिसा बेताचा, तर पेट्रोल. दोन्ही घाट चढतात. चढत नाही ती फक्त अंगणात उभी असलेली.