२४३ तास

आबांचा जुना ट्रॅक्टर अकरा वर्षांत फक्त २४३ तास चालला. निदान मीटरवर तरी तसं होतं. मीटरची केबल पहिल्याच उन्हाळ्यात तुटली आणि आकडा तिथेच बसला. पुढचं सर्व्हिसिंग २५० तासांना होतं. ५० तासांचं पहिलं सर्व्हिसिंग आबांनी करून घेतलं होतं, कारण त्याला मजुरी पडत नव्हती. दुसऱ्याचं कुणी विचारलं की ते मीटरकडे बोट दाखवायचे. "अजून तास कुठं भरल्यात?"

आमच्या पंचगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात कुठल्याही प्रश्नाला 'चालतंय की' हे उत्तर चालतं. चहा घेणार का, लग्नाला उद्या निघायचं का, तांबडा रस्सा जरा जास्तच झणझणीत झालाय का, सगळ्याला चालतंय की. बाकीच्यांची ती बोलायची रीत. आबांचं ते यंत्रशास्त्र. चालू वस्तूला पाना लावायचा नाही आणि बंद पडलेली वस्तू आधी उताराला लावून बघायची.

उतारही आबांचा ठरलेला होता. बॅटरीतलं पाणी कधी आटलं ते बॅटरीलाच ठाऊक, तेव्हापासून ट्रॅक्टर रात्री देवळामागच्या चढावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावून मुक्कामाला. सकाळी दगड काढायचा, गिअरमध्ये टाकून घरंगळू द्यायचा आणि क्लच सोडायचा. कारखान्याच्या गाडीतळावर मात्र उतार नाही. तिथं उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून नंबर येईपर्यंत इंजिन चालूच. "आबा, एवढं डिझेल जळलं?" म्हटलं तर म्हणाले, "बॅटरीचं पैसं वाचलं, ते कोन धरनार?"

इंजिन ऑइलचंही तसंच. "बदलायला कशाला लागतंय? काळं आपलं आपन जळतंय, वरनं मी नवं वततोय. बदललंच की!" मी दोन दिवस या हिशेबातली चूक शोधत होतो. मिस्त्रीनं ती एका वाक्यात सांगितली. ऑइल जळतंय म्हणजेच रिंगा गेल्यात, आणि सायलेन्सरमधून निघतो तो निळा धूर त्यांचाच. आबांना निळा रंग वाईट वाटला नाही.

त्यांचं ट्रॅक्टरवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. बेंदराला बैलांच्या आधी ट्रॅक्टरला ओवाळणी. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची एवढी जाड माळ की रेडिएटरला वारा लागायचा नाही. मडगार्डवर रेडियमची अंबाबाई, दोन्हीकडे स्पीकर. अकरा वर्षांत त्या स्पीकरची वायर एकदाही तुटली नाही.

गेल्या खेपेला माझ्या ३० गुंठ्यांत रोटर मारताना ट्रॅक्टरनं काळा धूर धरला. बांधावरची म्हैस उठून लांब जाऊन बसली. मिस्त्री आला. त्यानं इंजिनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ एअर क्लीनरखालची वाटी सोडवली. या जुन्या पद्धतीच्या क्लीनरमध्ये वाटीत खुणेपर्यंत ऑइल असतं. आत आलेली हवा त्यावर आपटते, धूळ ऑइलात बसते, हवा जाळीतून वर जाते. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज बघायची असते. आबांच्या वाटीत ऑइल नव्हतं, वड्या पाडता येतील असा गाळ होता.

मिस्त्री पेचकसानं खरवडायला लागला. वरचा काळा थर आत्ताच्या रोटरचा. त्याखाली सोयाबीनच्या मळणीचा भुसा. त्याखाली पाचटाची राख. आणि त्याच्याही खाली गुलाबी.

"जोतिबा," आबांनी हात जोडले. चैत्र यात्रेला ट्रॅक्टर गुलालातनं जाऊन आला होता.

मिस्त्रीनं आणखी खरवडलं. पुन्हा गुलाबी, जरा गडद. आबांनी तो बोटांत चोळून बघितला.

"ही ग्रामपंचायत. आपलं पॅनेल आलं तवाचा."

त्या पॅनेलचा सरपंच एव्हाना माजी झाला होता. मिस्त्रीनं काही न बोलता वाटी धुवायला डिझेल मागितलं. आबांनी कॅन आणला, पण वतायच्या आधी म्हणाले, "जोतिबाचा तेवढा ऱ्हाऊ दे."

रोटरच्या बोल्टची गोष्ट त्यामानानं लहान आहे, खर्च सोडला तर. रोटरच्या शाफ्टला एक मऊ बोल्ट असतो. पात्याला दगड लागला की त्यानं तुटायचं आणि गिअरबॉक्स वाचवायची, एवढीच त्याची नोकरी. आबांच्या मते ही बनवणाऱ्यांची लबाडी, बोल्ट खपवायची. त्यांनी लेथवर कडक पोलादी बोल्ट करून आणला. पुढच्या दगडाला तो तुटला नाही. आबांनी मला काढून दाखवला, "बग, वरखडा न्हाई!" गिअरबॉक्स तेव्हा ट्रॉलीत घालून शहराकडे निघाली होती.

शेवटी पोरानं हट्टानं ५५ अश्वशक्तीचा नवा घ्यायला लावला. जुन्याचा भाव करायला आलेल्या मुलाला आबांनी आधी मीटर दाखवला. मुलानं मीटर बघितला, मग क्लचच्या पायपट्टीवरचं झिजून गुळगुळीत झालेलं लोखंड बघितलं, मग आबांकडे बघितलं, आणि चहा मागितला.

नव्याची तऱ्हा निराळी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले, त्यामुळे याच्या इंजिनाला संगणकाचं डोकं आहे. डिझेल हजार बारहून जास्त दाबानं फवारलं जातं, त्यात पाण्याचा थेंब खपत नाही. पहिल्याच हंगामात शेताच्या मध्यावर दिवा लागला आणि ट्रॅक्टरनं दमच सोडला. आबांनी उतार शोधला. ट्रॅक्टर उतारावरून नुसताच खाली गेला.

लॅपटॉप घेऊन कंपनीचा मुलगा आला. "आबा, डिझेलमध्ये पाणी गेलंय."

"कसं जाईल? कॅन धुतलावता की."

"पुसला होता का?"

यावर आबा बराच वेळ उसाकडे बघत राहिले.

फिल्टरखालचं पाणी काढून झालं, दिवा विझला. लॅपटॉप मिटता मिटता मुलगा म्हणाला, "मीटरवर २४६ झालेत हं. २५० ला सर्व्हिसिंग आहे, मेसेज येईल." आबांनी उजळलेल्या आकड्यांकडे एकदा बघितलं. मग चष्मा कपाळावर चढवून स्टिअरिंगखाली वाकले आणि हातानं आत चाचपायला लागले.

"पोरा," आतूनच आवाज आला, "ह्येची केबल कुनीकडनं जाती?"