मखराला किती घोडे लागतात?

जुना पिकअप दुरुस्तीला काढला की सुटे भाग सावकाश येतात, सल्लागार लगेच येतात. माझा १९६९ चा शेव्हरोले सी-१०. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात पसरलेलं मीठ खाऊन त्याच्या पत्र्याची चाळणी झालेली आणि बॉनेट उघडावं तर आत इंजिनच नाही. गंजक्या पत्र्यावर कुणी मत देत नाही. इंजिन कोणतं बसवावं यावर मात्र जन्मात पंक्चर न काढलेला माणूसही तासभर बोलतो, आणि बोलतो माझ्या नवऱ्याशी! ग्रीसने काळे झालेले हात माझे, पण सल्ला त्याला. तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "हिला सांगतो."

सल्लागारांचे पंथ तीन. सनातनी म्हणतात, मूळचंच बसवा: २५० घन इंचांचं, ओळीत सहा सिलिंडरचं. या इंजिनाला स्वतःला घाई नसते आणि चढावर ते मागच्यांनाही घाई करू देत नाही. दुसरे एलएसवाले. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या या घराण्यातलं ५.३ लिटरचं इंजिन भंगारातल्या सिल्व्हराडोमधून स्वस्तात मिळतं, हे ते आधी सांगतात. त्यासोबत कॉम्प्युटर, वायरिंग आणि जास्त दाबाचा इंधनपंप लागतो, हे इंजिन दारात उतरल्यावर सांगतात. तिसरे स्मॉल ब्लॉक ३५० वाले. १९५५ साली २६५ घन इंचांपासून सुरू झालेल्या या वंशाची इंजिनं २०११ पर्यंत दहा कोटी झाली. एवढा गोतावळा असल्यावर सुटे भाग कुठेही मिळतात. मी त्यांच्यात गेले.

मग प्रश्न अश्वशक्तीचा. १९७२ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी ती सांगण्याची पद्धत बदलली. पूर्वी इंजिन स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर आणि सायलेन्सरची झळ न लागू देता मोजत. पुढे सगळं लटांबर जोडून मोजू लागले. लग्नाच्या बायोडेटातला पगार आणि हातात पडणारा पगार, एवढाच फरक. तरी जुने आकडे सांगताना सल्लागारांचा ऊर भरून येतो.

३५० चा ब्लॉक मिळवून मशीन शॉपला दिला. तिथल्या आजोबांनी तडे तपासले, तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारला आणि विचारलं, "ट्रकमधून काय नेणार?" इतक्या जणांत हा प्रश्न त्यांनी एकट्यानेच विचारला. मी म्हटलं, "मंडळाच्या गणपतीचं मखर, घड्या घातलेल्या खुर्च्या आणि बागेचं खत."

"मग सौम्य कॅमशाफ्ट घे."

तरुण सल्लागारांना हे पटलं नाही. झडपा उघडणारा हा दांडा त्यांना रांगडा हवा होता, म्हणजे सिग्नलला उभा असतानाही ट्रक गुरगुरतो. पण त्या गुरगुरण्यात इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेकच्या बूस्टरला तोच लागतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या ट्रकने आधी थांबायला शिकावं, गुरगुरणं नंतर.

घरी जुळणी करताना पिस्टनच्या रिंगेची फट चार इंची बोअरला सोळा थाऊ धरली. पहिल्यांदा चालू केल्यावर या जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला आयडलवर ठेवायचं नसतं. थेट दोन हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं पळवायचं. तेलात जस्त भरपूर हवं. डॉक्टरांनी मलाही जस्ताच्या गोळ्या दिल्यात, त्यामुळे इंजिन घरातलंच वाटलं.

नवरा पहिल्यांदा आत बसला, मागे वळला आणि सीटमागची वस्तू पाहून दचकला.

"अगं, हे काय?"

"पेट्रोलची टाकी. या मॉडेलला तिथेच असते."

"पाठीशी कुणीतरी असावं म्हणतात, पण हे!"

एक खरं सांगते: बहुतेक लोक ट्रकसाठी इंजिन निवडत नाहीत, आपल्या सरत्या वयासाठी निवडतात. पिकअपला कमी आरपीएमवर मिळणारा टॉर्क लागतो. उरलेले घोडे फुशारकीचे. तेव्हा इंजिन घेण्याआधी आपण काय वाहणार याची प्रामाणिक यादी करा, तीत बसेल तेवढंच घ्या आणि वाचलेले पैसे ब्रेकवर घाला.