कंबाइन पाळावं कसं

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, दौती जमवल्या आणि त्यातून शहराला एक अख्खं संग्रहालय मिळालं. होतकरू संग्राहकाने त्यांचा आदर्श जरूर डोळ्यांपुढे ठेवावा. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की अडकित्ता खिशात मावतो. तो घरी आणला तर चार दिवस कुणाला पत्ता लागत नाही. जुनं कंबाइन हार्वेस्टर घरी आणलं, तर ते हमरस्त्यावरून वळायच्या आतच पंचक्रोशीला कळतं.

कंबाइन म्हणजे, आपल्याकडे गव्हाच्या दिवसांत 'पंजाबचं हार्वेस्टर' आलं की पोरं ज्याच्या मागे धावतात, ते. कापणी, मळणी आणि उफणणी ही तीन कामं ते चालता चालता उरकतं, म्हणून कंबाइन. खळं सारवणं, तिवडा रोवणं, बैलांची पात हाकणं, वारा सुटायची वाट पाहत वावडीवर ताटकळणं, सगळं एका पत्र्याच्या पोटात. वर्षातले तीन आठवडे ते काम करतं आणि उरलेले एकोणपन्नास आठवडे जागा अडवतं. आपल्या छंदाचा संबंध या एकोणपन्नास आठवड्यांशी आहे.

हा वसा फ्लॅटमध्ये राहून घेता येत नाही. पुढचं मार्गदर्शन कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात राहणाऱ्या, किंवा हे वाचून तिकडे जायला निघणाऱ्या वाचकासाठी आहे. तिथे गहू आहे, जमीन आहे, आणि मुख्य म्हणजे शेजारी मैलभर लांब आहे.

कोणतं घ्यावं

घोड्यांनी किंवा ट्रॅक्टरने ओढायची कंबाइनं वेगळी आणि त्यांचे भक्तही वेगळे. आपला पंथ स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्यांचा. पंथाचा मूळपुरुष कॅलिफोर्नियातला जॉर्ज स्टॉकटन बेरी. त्याने १८८६ साली वाफेवर चालणारं कंबाइन बनवलं आणि बॉयलरला जळण म्हणून शेतातलंच काड घातलं. म्हणजे वाळून खडखडीत झालेल्या गव्हाच्या शेतात, काड जाळत फिरणारं यंत्र. असं यंत्र कुणी विकायला आणलं तर घेऊ नये. एकतर ते खोटं असेल, नाहीतर खरं असेल.

ऑस्ट्रेलियातल्या हेन्टीच्या हेडली टेलर या शेतकऱ्याच्या कल्पनेतून १९२४ साली 'सनशाइन ऑटो हेडर' निघालं. ते सुंदर आहे, पण ऑस्ट्रेलियातच बरं आहे. प्रेअरीतल्या, म्हणजे सस्कॅचवानच्या गवताळ सपाटीवरच्या, आपल्यासारख्यांना अधिक मोह पडतो तो 'ग्लीनर'चा. १९२३ साली कॅन्ससमध्ये बाल्डविन बंधूंनी फोर्डसन ट्रॅक्टरवर कापणी-मळणीचा सगळा संसार चढवला आणि त्याचं नाव ठेवलं चित्रकार मिलेच्या १८५७ च्या चित्रावरून. चित्रात तीन बायका कापल्या शेतात वाकून सरवा वेचताहेत. शेतात सरवा राहू नये म्हणून केलेल्या यंत्राला सरवा वेचणारणींचं नाव देणं याला काय म्हणावं, ते ज्याने त्याने ठरवावं. ग्लीनरचा एक व्यावहारिक फायदा आहे. त्याचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला, रंग न लावलेला. आळशी संग्राहकाने ग्लीनरच घ्यावं आणि विचारणाऱ्याला आपण इतिहासनिष्ठ आहोत असं सांगावं.

पण खरं दैवत मॅसी-हॅरिस. टोरोंटोच्या या कंपनीत टॉम कॅरल नावाचा एक ऑस्ट्रेलियन अभियंता होता. त्याचं पहिलं यंत्र, क्रमांक २०, १९३८ साली आलं. ते जड होतं आणि महागही होतं. दोन-तीन वर्षांत त्याने क्रमांक २१ काढलं. ते हलकं आणि स्वस्त होतं, बारा फुटी पात्याचं, क्रायस्लरच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं. अंग लाल, चाकं पिवळी. लांबून पाहिलं की खंडोबाच्या जत्रेला निघालेलं वाटतं.

या २१ नंबरने एक पराक्रम केला, त्याची बखर प्रत्येक संग्राहकाला पाठ हवी. १९४४ साल. युद्ध चालू. पोलादावर सरकारी नियंत्रण, रानात पीक उभं आणि कापायला माणसं नाहीत. मॅसी-हॅरिसच्या अमेरिकी शाखेतला जो टकर सरकारदरबारी गेला आणि म्हणाला, आम्हाला ५०० जादा कंबाइनांपुरतं पोलाद द्या, आम्ही दक्षिणेपासून पीक पिकेल तसं कापत कापत उत्तरेला कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो. पोलाद मिळालं. 'हार्वेस्ट ब्रिगेड' निघाली आणि त्या हंगामात दहा लाखांहून जास्त एकर कापून, अडीच कोटी बुशेल धान्य काढून मोकळी झाली. गव्हाचा एक बुशेल म्हणजे साठ पौंड, साधारण सत्तावीस किलो. गुणाकार ज्याचा त्याने करावा, मला आकडे बघून घाम फुटतो.

परिणाम असा की, आपलं २१ नंबर त्या ब्रिगेडमधलंच आहे, असं सांगणारा संग्राहक दर जत्रेत भेटतो. जसा आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा एक पूर्वज पानिपतावर असतो, तसंच. संग्राहकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, तर त्या ५०० यंत्रांपैकी हजारेक तरी आज शिल्लक आहेत.

कुठे मिळतं

झाडीत. प्रेअरीतल्या प्रत्येक जुन्या शेतघराच्या मागे वारा अडवायला कारागानाच्या झुडपांची रांग लावलेली असते, आणि त्या रांगेपलीकडे आजोबांची यंत्रं ओळीने उभी असतात. ट्रॅक्टर म्हातारा झाला तरी ओंडके ओढतो, पाणी उपसतो, नातवाला बसायला होतो. त्यामुळे जुने ट्रॅक्टर पुष्कळ जगले. कंबाइनला एकच काम येतं, आणि ते त्याच्यापेक्षा मोठं कंबाइन जास्त वेगाने करतं. शिवाय ते गोठ्यात मावत नाही. म्हणून त्याला पावसात ठेवतात, मग इंजिन काढून दुसरीकडे लावतात, उरलेलं भंगारात देतात. अमेरिकेत याहूनही वाईट गत होते. वॉशिंग्टन राज्यात लिंड नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथे १९८८ साली म्हातारी कंबाइनं मैदानात उतरवून एकमेकांवर आदळवायचा खेळ सुरू झाला. लोक तिकीट काढून पाहायला जात. संग्राहकाने हा खेळ पाहू नये, रक्तदाब वाढतो.

झाडीत यंत्र दिसलं की थेट विषयाला हात घालू नये. आधी हवेबद्दल बोलावं, मग यंदाच्या पावसाबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. 'दुर्मिळ' हा शब्द चुकूनही उच्चारू नये. तो ऐकला की काल लोखंडाच्या भावाने जाणारं यंत्र आज आजोबांची आठवण होतं, आणि आठवणीला किलोचा दर लागत नाही.

तपासणी

पाना, हातोडी, विजेरी आणि एक काठी घेऊन जावं. काठी सापासाठी नाही, गांधीलमाश्यांच्या पोळ्यांसाठी. धान्याच्या टाकीत आणि काड झटकणाऱ्या दांड्यांखाली त्यांची वसाहत असतेच.

पहिल्यांदा इंजिन आहे का ते पाहावं. हसू नका, बऱ्याचदा नसतं. असल्यास ब्लॉक तडकला आहे का ते पाहावं. तिथे हिवाळ्यात पारा उणे चाळिसाला टेकतो. शेवटच्या सुगीनंतर कुणी पाणी काढायला विसरला असेल, तर त्या पाण्याने बर्फ होऊन बीड फोडलेलं असतं. ब्लॉकच्या अंगावर वेल्डिंगची जाड माळ दिसली, तर मालक विसराळू होता पण चिकाटीचा होता, असं समजावं आणि हजार डॉलर कमी सांगावे.

मग मळणीचा ड्रम हाताने फिरवून पाहावा. फिरला नाही तर गंजला आहे. फिरला आणि आत खडखडलं, तर बेअरिंग गेलं आहे किंवा दगड अडकला आहे. गुळगुळीत फिरला तर आपण चुकीच्या यंत्रापाशी उभे आहोत. कापलेलं पीक वर नेणारा लाकडी पट्ट्यांचा कॅनव्हास बहुतेक जुन्या यंत्रांतून गायब असतो. तो उंदरांनी खाल्लेला असतो. लाकडी बेअरिंगांच्या ठोकळ्यांना नखाने टोकरून पाहावं. भुसा पडला तर किडीने ते यंत्र आपल्याआधी संग्रही घेतलेलं आहे.

सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. म्हणून अनुभवी माणूस एक यंत्र कधीच घेत नाही, तीन घेतो. दोनांचे अवयव काढून तिसरं उभं करायचं. म्हणजे जगात तीन दुर्मिळ यंत्रं होती, ती आपण वाचवायला घेतली, आणि आता एक आहे. दुर्मिळता वाढवण्यात संग्राहकांचा एवढा मोठा वाटा आहे, याची कुठे नोंद होत नाही. समर्थांच्या वेळी कंबाइन नव्हतं, नाहीतर मूर्खलक्षणांत एका ओवीची भर पडली असती.

हिवाळा, उंदीर आणि भूस

लोक म्हणतात कंबाइनचा शत्रू गंज. गंज हा नोकर आहे, मालक भूस. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात, चाळण्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात भूस साठतं, ते हवेतला ओलावा धरून बसतं, आणि वरून कोरडं ठणठणीत दिसणारं यंत्र आतून कुजतं. म्हणून सुगी संपली की कॉम्प्रेसरची हवा मारून ते पोट रिकामं करावं. हे काम दुपारी सुरू करून रात्री संपतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावं लागतं, कारण काल जिथे हवा मारली तिथलं भूस आज दुसरीकडे बसलेलं असतं.

भूस राहिलं की त्यात दाणा राहतो. दाणा राहिला की उंदीर येतो. उंदराचं मूत पत्रा खातं, दात पट्टे खातात, आणि पिलं कॅनव्हासात जन्माला येतात. यावर इलाज मांजर. मांजर पाळलं की त्याला दूध, त्याला दार, त्याला हिवाळ्यात ऊब. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब इथपर्यंत आलेला असतोच, आता त्यात दूधही धरावं.

बाकीचं थोडक्यात: पट्टे सैल करून ठेवावेत, चाकांखाली ठोकळे द्यावेत, ग्रीस सगळीकडे भरावं आणि नंतर, राहिल्या असतील त्या जागी, पुन्हा भरावं. रंग लावायचा की जुना रंग गंजासकट जपायचा, यावर संग्राहकांत दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही. मी कोणत्या बाजूचा आहे ते सांगणार नाही. माझ्या बोटांना लाल रंग लागलेला आहे, एवढंच.

चालवणं

उभं कंबाइन म्हणजे खोपटं. ते चाललं पाहिजे, आणि चालायला गहू पाहिजे. म्हणून संग्राहकाने दोन-तीन एकर गहू पेरावा. तो तयार झाला की शेजाऱ्याने आपलं शेत उरकेपर्यंत थांबावं, नाहीतर मदतीला कुणी येत नाही.

चालवण्याआधी दोन सूचना, आणि या दोन मात्र थट्टेवारी नेऊ नयेत. जुन्या यंत्रांवर पट्ट्या-साखळ्यांना झाकणं नसतात. बाहीचं बटण लावावं आणि इंजिन चालू असताना आत हात घालू नये. तापलेल्या एक्झॉस्टवर वाळकं भूस पेट घेतं. अग्निशामक नळकांडं आणि पाण्याची टाकी जवळच असावी. बाकी चुका होतात तशा होऊ द्याव्यात. कंबाइन मागच्या चाकांनी वळतं. नवशिक्या समोर पाहून वळवतो आणि मागच्या शेपटाने कुंपणाचा खांब घेऊन येतो. चालकाला केबिन नसते, तो उघड्यावर, भुसाच्या ढगात बसतो. सातू कापायला घेतला तर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वगैरे म्हण आठवायला सवड मिळत नाही. कुसळं आपल्याच डोळ्यात, मानेत, बनियनमध्ये असतात.

१८९० पासून पुढची तीन-चार दशकं सुगी आली की पूर्व कॅनडातून मजुरांनी भरलेल्या खास आगगाड्या प्रेअरीत यायच्या. एका मळणीयंत्रामागे वीसेक माणसं राबायची, आणि त्यांच्या पाठोपाठ जेवणं रांधता रांधता घरच्या बायका मेटाकुटीला यायच्या. कंबाइनने ही सगळी फौज घरी पाठवली. एक माणूस वर बसला की काम झालं.

आता आपल्या सप्टेंबरच्या रविवारी शेतात कोण कोण आहे ते मोजावं. एक वर बसलेला. एक मागून चालत काडात दाणा जातोय का ते हाताने चाचपणारा. एक नळकांडं धरलेला. एक डावं बेअरिंग ऐकणारा, आणि दुसरा, बिघाड उजव्यात आहे म्हणणारा. आजोबा कसं चालवायचे यावर भांडणारे दोन चुलतभाऊ. पट्ट्याच्या मापासाठी गावात गाडी पिटाळलेला एक. नवं कोरं कंबाइन बांधावर उभं करून मजा बघणारा शेजारी. सगळ्यांसाठी कॉफी आणि रूबार्बची पाय घेऊन आलेल्या तिघी. पोरं वेगळी. त्यांना धरून बेरीज वीसच्या पुढे जाते. पाऊण एकर कापून झाल्यावर मुख्य पट्टा उडतो आणि सगळे जण एकदम वाकून आत बघायला लागतात.

शेजारी म्हणतो, राहिलेलं मी दहा मिनिटांत काढून देतो. त्याला पाय वाढावी आणि विषय बदलावा.

संध्याकाळी सगळे गेल्यावर कापलेल्या पट्ट्यात चक्कर मारावी. चाळणी नीट बसवलेली नव्हती, हे तेव्हा कळतं. खुंटांमधून गहू पसरलेला असतो, चांगला ओंजळ-ओंजळ. दक्षिणेकडे निघालेले रानहंस तो वरून बघतात, दोन घिरट्या घालतात आणि सरवा वेचायला उतरतात.