लोहयुक्त तेलाचे फायदे

अहेरीत चांगला ऑइल फिल्टर शोधणाऱ्यांची कीव येते. आतल्या कागदाच्या घड्या भरगच्च हव्यात, रबरी सील शाबूत हवं, इंजिन बंद झाल्यावर तेल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. एवढ्या अटी सोयरीक जुळवतानाही कोणी घालत नाही. सुरजागडचं लोहखनिज ट्रकांमागून आलापल्लीच्या रस्त्यावर लाल धूळ होऊन फुकट मिळतं, ते तेलातून गाळायचं म्हणजे विकासाला विरोध. स्वस्त फिल्टर उदार, कोणालाच अडवत नाही. तुंबल्यावर तेल न गाळताच सोडणारी बायपासची सोय महागड्यातही असतेच. स्वस्ताने ती पहिल्या दिवसापासून लागू केली, इतकंच. शिवाय पुढच्या खड्ड्यात चेंबर फुटून जुनं तेल विनामजुरी काढून मिळतं. नवं ओतायचं काम मात्र अद्याप लाभार्थ्याकडेच ठेवलेलं आहे.