मिठागरवाल्याच्या नातवाचा तलाव

मेलबर्न, जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


घरामागच्या तरणतलावाचा फोटो तुम्ही शिरवण्यापासून जुईनगर स्टेशनपर्यंत भेटेल त्याला दाखवलात, असं ताईकडून कळलं. आता आतली बातमी ऐका: त्या तलावात कोणी फारसं पोहत नाही. घर घेतलं, त्यासोबत तो आला. इथे आत्ता भर उन्हाळा, तरी पाणी बावीस अंशांवर अडून बसलंय. सूनबाई पायाचा अंगठा बुडवते आणि चहा ठेवायला आत जाते.

इथल्या कायद्याने फूटभर खोल पाण्यालाही कुंपण लागतं. आमच्याही तलावाला आहे, फाटक आपोआप बंद होतं. तरी रोज अर्धा सेंटिमीटर पाणी गायब! तुम्ही फोनवर म्हणालात, "गळतंय, गवंडी बोलाव." गवंड्याची इथली मजुरी ऐकून मी बादली आणली. तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवली आणि आतल्या-बाहेरच्या पातळीवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं होतं. म्हणजे गळती नाही, वाफ.

आता पाणी तापत का नाही, त्याचा हिशेब बघा. तलाव ८ मीटर लांब, ४ रुंद, दीड खोल. पाणी ४८,००० लिटर. ते एक अंश तापवायला ५६ युनिट उष्णता लागते. पण एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. रोजचे १६० लिटर उडाले की १०८ युनिट गेले. उघड्या तलावाची साधारण सत्तर टक्के उष्णता अशी वाफेवाटे जाते. उरलेली बहुतेक रात्रीच्या आभाळाकडे, थोडी जमिनीत. एकूण खर्च दीडशे युनिट. जमेला काय? उन्हाळ्यात दिवसाला ऊन दर चौरस मीटरला सरासरी सहाएक युनिट देतं. त्यातलं पाण्यात मुरतं ते धरून तेही दीडशेच! सूर्य दिवसभर राबतो आणि पाणी आहे तिथेच.

हा हिशेब करताना आजोबा आठवले. त्यांच्या मिठागराला काय लागायचं? पसरट वाफे, उथळ पाणी, कडक ऊन, कोरडा वारा. पावसाळ्यात वरून पाऊस आणि हवाही भिजलेली, म्हणून आगर बंद. माझ्या तलावाला नडतं तेही हेच, ऊन सोडून बाकी सगळं. वारा सुटला की आजोबा खूश व्हायचे, मी पाण्याचा मीटर बघतो. पाणी उडालं की त्यांना पैसे मिळायचे, मला भरावे लागतात. वर तळाला मीठही उरत नाही. उलट क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रासाठी पोत्याने मीठ विकत आणून मीच तलावात ओततो! १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली नसती, तर कदाचित हेच मीठ मी विकत असतो.

हीट पंपवाला येऊन गेला. त्याचं यंत्र एक युनिट विजेवर हवेतली उष्णता ओढून पाण्याला चार-पाच युनिट देतं, हे खरं. पण वरून उघडं ठेवून खालून तापवलं, तर पाणी जितकं गरम तितकी वाफ जास्त. म्हणून आधी फुगेवाल्या प्लास्टिकचं झाकण आणलंय. ऊन आत जातं, वाफ अडते, तापवायचा खर्च निम्म्याने तरी उतरतो. अडचण एकच: पोहून झाल्यावर ते परत पसरायला चिरंजीव कधीच जागेवर नसतो.

मार्चमध्ये तुम्ही येताय, तेव्हा ते खातं तुमच्याकडे. आणि आपल्या आळीत कोणी बंगल्यात तलाव बांधायचं काढलं, तर फोटो दाखवण्याआधी त्याला एवढं सांगा: हीटर नंतर घे, झाकण आधी.

तुमचा,
बाळू