तेरा महिने, अकरा दिवस

लिफ्टमध्ये कुणी सहज विचारलं, "केवढी झाली हो?" तर आई "झाली वर्षाची" म्हणून मोकळी होते. बाबांचं तसं नसतं. बाबा आधी घड्याळाकडे बघतात. "तेरा महिने, अकरा दिवस," म्हणतात आणि जरा घुटमळतात. तास सांगावेत की नाही, यावर अजून त्यांचं मत व्हायचं असतं.

ही जात हल्ली फार वाढली आहे. बागेत, बालरोगतज्ज्ञांच्या बाकावर, डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, कुठेही भेटते. पूर्वी दोन बाबा भेटले की पगारवाढीचा विषय निघायचा. आता "तुमचा रांगला का?" निघतो. माझ्या घरी यातला अस्सल नमुना आहे, आणि तो बँकेत ऑडिटला असल्यामुळे दुखणं जरा बळावलेलं आहे.

चिऊच्या बाबांनी तिच्या बारशाच्या आधीच लाल कापडी पुठ्ठ्याची वही घातली. पालथं पडणं, बसणं, रांगणं, दात, लस असे रकाने आखले. 'शब्द क्र. 1 : बाबा' ही नोंद झाली त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पण माणूस प्रामाणिक. आठवड्याने शेजारी शेरा पडला : 'सदर शब्द कुकर, कबुतर व भिंतीवरची पाल यांनाही उद्देशून वापरण्यात येतो.'

वजन दर रविवारी. काट्यावर आधी चिऊला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग तिला खाली ठेवून एकट्याने, आणि वजाबाकी करायची. एका रविवारी चिऊ तीनशे ग्रॅमने घटली. घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरांना फोन लागणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अरे, दोन वजनांच्या मध्ये तू मिसळ खाल्लीस ना?"

रांगण्याचा रकाना मात्र रिकामाच राहिला. चिऊ रांगलीच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत सगळं घर पालथं घालायची. बाबा चार दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा अभ्यास शोधून काढला. त्यात भारतातलीही मुलं होती, आणि शेकडा चार मुलं हातागुडघ्यांवर रांगण्याची पायरी गाळतातच, असं निघालं. बाबांनी त्या रात्री दोनदा भात घेतला.

पण त्याच कागदावर पुढे चालण्याची ओळ होती : एकट्याने चालायला लागण्याचं वय 8.2 ते 17.6 महिने. एवढा ऐसपैस पट्टा वाचून कुणीही निश्चिंत होईल. यांनी 17.6 महिन्यांचे दिवस काढले, पाचशे पस्तीस, आणि रोज सकाळी दात घासताना उरलेले दिवस जाहीर करू लागले. त्यात समोरच्या फ्लॅटमधला मुलगा दहाव्या महिन्यातच चालू लागलेला. त्याच्या वडिलांशी बोलणं फक्त पार्किंगपुरतं उरलं.

"तू दीड वर्षाचा होईतो कडेवरून उतरला नव्हतास," सासूबाई म्हणाल्या. "जातोस ना आता स्टेशनपर्यंत चालत?"

"आई, त्याची नोंद कुठाय?"

यावर काय बोलणार!

संक्रांतीनंतर बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, सगळं थाटात. बाबांनी मात्र घशात अडकू शकेल असं प्रत्येक बोर आणि गोळी आधीच वेचून बाजूला केली होती. चिऊच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे ओघळले आणि सोसायटीतली पोरं हिरमुसून घरी गेली. (हे त्यांचं बरोबर होतं, पण तसं मी त्यांना सांगितलेलं नाही.)

आणि मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, चिऊ सोफा सोडून टीव्हीपर्यंत चार पावलं चालली. बाबा ओरडले, रडले, पेढे आणायला पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावले. लाल शाईत नोंद झाली. 'साक्षीदार' म्हणून माझी आणि सासूबाईंची सही घेतली.

माझी सही खोटी होती. शुक्रवारीच चिऊ वॉशिंग मशीनपासून माझ्यापर्यंत चालत आली होती. यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी गप्प बसले. रात्री राहवलं नाही, सासूबाईंना सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं, मी बुधवारीच बघितलं. म्हटलं, आईला आधी दिसू दे."

सोमवारी सकाळी लादी पुसायला आलेल्या मावशींपुढे पेढ्यांचा डबा धरला. "आमची चिऊ चालायला लागली!"

मावशींनी मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. "ताई, मागच्या सोमवारी माझ्या ओल्या लादीवरून चालत आली ती. आजींना आधी दिसू दे म्हटलं, म्हणून बोलले नाही."

त्यांनी आणखी एक पेढा उचलला. आतून बाबांचा आवाज आला, "अगं, पट्टी कुठाय? धावण्याचा रकाना आखायचाय."