संथपणाची थोरवी
१९९० साली अवतरलेली फोटोशॉप या छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २ एमबी रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या चिमूटभर तुकड्यावर, चालत असे; आजची आवृत्ती १६ जीबीची शिफारस करते, तीही अपुरी पडल्यास स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे साठवणुकीतील उसन्या जागेवर, संसार थाटते आणि तरीही नव्या लॅपटॉपवर चक्र फिरवत बसते, ही प्रगतीच मानली पाहिजे. यंत्राचा वेग वाढतो त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावते, हे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच (तक्रारीच्या सुरात, हे त्यांचे दुर्दैव) नोंदवले होते. पुढील पायरी म्हणून ‘प्रतीक्षा’ हा स्वतंत्र फिल्टर ठरवून लॅपटॉपसोबत उशी द्यावी. एवढ्या सामर्थ्यातून बहुधा पासपोर्टच्या छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी करायची असते. नाक्यावरच्या स्टुडिओत त्यासाठी पांढरा पडदा असतो.